बर्फाळ थंडीतील, मोठ्याने वाचून दाखवण्याजोगी बालपुस्तके

प्रश्न
आम्ही मिनेसोटात राहतो. डिसेंबर-जानेवारीत येथे पाचच्या आधीच अंधार पडत असल्यामुळे मी दोन्ही मुलांना (मुलगी चार वर्षांची, मुलगा सात) एकत्र बसवून वाचून दाखवतो. थंडीवरची पुस्तके दिसायला देखणी असतात. पण मोठ्याने वाचू लागल्यावर त्यांतील बरीचशी चौथ्या पानावरच रटाळ होतात. दर रविवारी मुलांची आजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर ऐकते, म्हणून मराठीतून सांगता येईल असेही एखादे पुस्तक कृपया सुचवावे.

प्रतिसाद १
मुलीसाठी एझ्रा जॅक कीट्स यांचे ‘द स्नोई डे’ (१९६२) घ्यावे. मजकूर अगदी थोडा आहे आणि त्यात करून पाहण्याजोगे बरेच आहे: पीटर बर्फात पावले बाहेर वळवून चालतो, मग आत वळवून चालतो, काठीने झाडाला मारतो आणि बर्फ धप्पकन त्याच्याच डोक्यावर पडतो. त्या ‘धप्प’च्या आधी आपण जरा थांबलो, की पुढच्या वेळी मूलच तो शब्द पूर्ण करते. खिशात ठेवलेला बर्फाचा गोळा नाहीसा होतो, ते पान मात्र घाईने उलटू नये.

प्रतिसाद २
दोन्ही वयांना एकत्र रमवायचे असेल, तर जॅन ब्रेट यांचे ‘द मिटन’ अधिक सोयीचे पडेल. ही मूळची युक्रेनियन लोककथा असून तिची घडण आपल्या साखळीकथांसारखी आहे: बर्फात पडलेल्या हातमोजात एकेक प्राणी शिरत जातो, अगदी अस्वलसुद्धा, आणि शेवटी आलेल्या उंदरामुळे अस्वलाला शिंक येते. पुढे कोण येणार, ते पानाच्या कडेच्या छोट्या चित्रात आधीच दिसते. ते हेरण्याचे काम मुलाकडे सोपवावे. शिंक अर्थातच आपण द्यायची, आणि ती सणसणीत हवी.

प्रतिसाद ३
सात वर्षांच्या मुलाला एवढ्याने पुरणार नाही, असे मला वाटते. जेन योलेन यांच्या ‘आउल मून’मध्ये (१९८७) बापलेक रात्री बर्फातून घुबड शोधायला जातात. हे पुस्तक हलक्या आवाजातच वाचावे, पण वडिलांची घुबडाला घातलेली साद संकोच न करता पूर्ण घुमवावी. बर्फाच्या स्फटिकांची छायाचित्रे काढणाऱ्या व्हरमाँटच्या विल्सन बेंटली यांच्यावरील ‘स्नोफ्लेक बेंटली’ही त्याला आवडेल, मात्र मोठ्याने वाचताना समासातील माहिती वगळावी, नाहीतर गोष्टीचा धागा वारंवार तुटतो.

आजींसाठी रेमंड ब्रिग्ज यांचे ‘द स्नोमॅन’ (१९७८) पाहावे. त्यात शब्दच नाहीत, त्यामुळे चित्रे कॅमेऱ्यासमोर धरून सारी गोष्ट मराठीत रचता येते, आणि एखादा रविवार मुलांनाच सांगायला लावता येतो. अखेरीस बर्फाचा माणूस वितळलेला दिसतो, आणि चार वर्षांचे मूल त्यावर रडूही शकते. म्हणून ते झोपण्यापूर्वीचे शेवटचे पुस्तक म्हणून निवडू नये.