आयर्लंडमध्ये नोकरीस असलेल्या इंग्रज खापरपणजोबांचा सेवावृत्तान्त कसा शोधावा?

प्रश्न : गोदाकाठ (पंचवटी)

नमस्कार. माझ्या पणजोबांनी विलायतेत शिकत असताना १९१२ मध्ये लंडनला एका इंग्रज मुलीशी विवाह केला आणि पुढे दोघेही नाशिकला स्थायिक झाले. पणजोबांकडील पिढ्या रामकुंडावरील आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत व्यवस्थित सापडतात; पणजीच्या माहेरची मात्र विवाहाच्या दाखल्यातील एकच नोंद हाती आहे, आणि तीत तिच्या वडिलांच्या नावापुढे व्यवसाय म्हणून केवळ ‘सिव्हिल सर्व्हंट’ असे लिहिले आहे. ते मूळचे इंग्लंडचे, पण त्यांची बहुतेक नोकरी आयर्लंडमध्ये झाली, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगत. आयर्लंडचे सरकारी दफ्तर १९२२ मध्ये जळाले, असे जिथे तिथे वाचायला मिळते. अशा स्थितीत त्यांच्या नेमणुका आणि बदल्या शोधता येतील काय, आणि नाशिकमध्ये बसून सुरुवात कोठून करावी?

उत्तर : दफ्तरदार (गंगापूर रोड)

३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालय-संकुलातील अभिलेखागार स्फोटात आणि आगीत नष्ट झाले, हे खरे आहे. त्या आगीत मृत्युपत्रे, जुन्या खानेसुमाऱ्यांचे कागद आणि प्रॉटेस्टंट चर्चच्या अनेक नोंदवह्या गेल्या. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्रज कारकुनाचा किंवा अधिकाऱ्याचा माग त्यामुळे पुसला गेला, असे मानण्याचे कारण नाही. चीफ सेक्रेटरीच्या, म्हणजे आयर्लंडचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश मंत्र्याच्या, कचेरीचा पत्रव्यवहार डब्लिन कॅसलमध्ये वेगळा ठेवलेला असल्याने वाचला आणि तो आज आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

माझ्या मते पहिला प्रश्न ‘काय जळाले’ हा नसून ‘त्यांचे खाते कोणाच्या हाताखाली होते’ हा असावा. टपाल, कस्टम्स (जकात) आणि इनलँड रेव्हेन्यू (देशांतर्गत करवसुली) ही खाती आयर्लंडमध्येही लंडनहून चालत, त्यामुळे त्यांचे बरेचसे कागद लंडनलाच राहिले. याउलट बोर्ड ऑफ वर्क्स (सार्वजनिक बांधकाम), १८७२ चे लोकल गव्हर्न्मेंट बोर्ड (स्थानिक कारभार) किंवा १८८१ चे लँड कमिशन (जमीनविषयक आयोग) यांची कचेरी डब्लिनला होती आणि त्यांचे कागद तिकडेच शोधावे लागतात. टपाल खात्यातील नेमणुकांच्या वह्या तर १८३१ पासूनच्या असून लंडनच्या पोस्टल म्युझियमने जपलेल्या आहेत. खाते ठरवल्याशिवाय कोणत्याही अभिलेखागाराला पत्र लिहू नये. ‘सिव्हिल सर्व्हंट’ एवढ्या शब्दावर तेथील कर्मचारीही काही करू शकत नाहीत.

खाते ठरवण्यासाठी छापील याद्या उत्तम. डब्लिनहून १८४४ पासून दरवर्षी निघणाऱ्या थॉमच्या डिरेक्टरीत कचेरीवार अधिकाऱ्यांची नावे असतात, आणि ब्रिटिश इम्पीरियल कॅलेंडर या सरकारी अधिकाऱ्यांच्या वार्षिक यादीतही आयर्लंडचा विभाग असे. लागोपाठच्या वर्षांचे अंक पाहत गेल्यास बढती कधी मिळाली, हे आपोआप दिसते. आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या सिव्हिल लिस्ट ज्यांनी चाळल्या आहेत, त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

उत्तर : सातपूरकर

त्याआधी १९०१ आणि १९११ च्या आयरिश खानेसुमाऱ्या पाहाव्यात. त्या आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य असून घरोघरचे मूळ फॉर्मही तेथे दिसतात. वडिलांचे नाव सर्वसामान्य असल्यास आपल्या पणजींच्या नावाने आणि अंदाजे वयाने शोधावे. इंग्लंडमध्ये जन्मलेल्यांपुढे जन्मस्थान म्हणून बहुधा देशाचेच नाव असते, त्यामुळे त्यांचे मूळ गाव तेथे मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

गोदाकाठ

उभयतांचे आभार. पणजीच्या नावावरून १९०१ चा फॉर्म सापडला. वडिलांच्या व्यवसायापुढे ‘ऑफिसर, इनलँड रेव्हेन्यू’ असे आहे, तर १९११ मध्ये त्याच नावाचा, दहा वर्षांनी मोठा गृहस्थ दुसऱ्या परगण्यात ‘कस्टम्स अँड एक्साइज’ म्हणून नोंदवलेला दिसतो. या दोन व्यक्ती वेगळ्या समजाव्यात काय?

उत्तर : दफ्तरदार (गंगापूर रोड)

केवळ खात्याच्या नावावरून त्यांना वेगळे समजू नये. १९०९ मध्ये एक्साइज, म्हणजे आपल्या भाषेत अबकारी, इनलँड रेव्हेन्यूकडून काढून कस्टम्सला जोडले गेले, त्यामुळे माणूस जागचा न हलताही त्याचे खाते बदलले. परगणा बदलण्यातही नवल नाही. अबकारी अधिकाऱ्याचे भट्टीवाल्यांशी साटेलोटे होऊ नये म्हणून त्याला एका ठिकाणी फार काळ ठेवत नसत. पत्नीचे नाव आणि मुलांची वये दोन्ही फॉर्मांत जुळतात का, एवढे पाहून घ्यावे. १९११ च्या फॉर्ममध्ये विवाहाला किती वर्षे झाली याचाही रकाना आहे.

आता लंडनच्या बाजूने शोधावे. १८५५ मध्ये सरकारी नोकरीच्या उमेदवारांची पात्रता तपासणारे सिव्हिल सर्व्हिस कमिशन स्थापन झाल्यानंतर उमेदवाराला पात्रतेचे प्रमाणपत्र मिळाले की त्याचे नाव खात्यासह लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात येत असे. या गॅझेटचे जुने अंक विनामूल्य पाहता येतात; फक्त छपाई पुसट असल्याने संगणकाचा शोध नावे चुकवतो, म्हणून नेमणुकीच्या अंदाजे वर्षांचे अंक डोळ्यांखालून घालणे बरे. उमेदवारांना वयाचा पुरावा द्यावा लागे, आणि त्यांपैकी अनेक कागद पुढे लंडनच्या सोसायटी ऑफ जीनिऑलॉजिस्ट्स या वंशावळ-अभ्यासकांच्या संस्थेकडे गेले. तेथे त्यांचा कागद निघाला, तर खानेसुमारी जे सांगत नाही ते जन्मगाव बहुधा त्यात मिळेल.

उत्तर : जुना नाशिककर

एक भर घालतो. ते १९२२ पर्यंत नोकरीत असल्यास शेवटचा टप्पाही पाहावा. बहुतेक आयर्लंडचा कारभार ब्रिटिशांकडून आयरिश सरकारकडे सोपवणाऱ्या १९२१ च्या अँग्लो-आयरिश कराराच्या दहाव्या कलमाने, सत्तांतरामुळे काढलेल्या किंवा स्वतःहून निवृत्त झालेल्या सरकारी नोकरांना भरपाईची हमी दिली होती. त्याआधीच आयर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले असल्यास मृत्यूची नोंद सरकारी आयरिश वंशावळ संकेतस्थळावर विनामूल्य दिसेल, आणि मृत्युपत्रांच्या १८५८ ते १९२० च्या वार्षिक छापील सूचीत पत्ता, व्यवसाय व ज्याच्याकडे मालमत्तेची व्यवस्था सोपवली त्याचे नाव मिळू शकेल. मूळ मृत्युपत्रे जळाली असली तरी ही सूची शिल्लक आहे.