पट घसरला म्हणून पेठेतल्या शाळा बंद करायच्या?

पेठकरीण
काल इथे एकांनी लिहिलं की पंधरा-वीस मुलांसाठी दोन शिक्षक आणि एक अख्खी इमारत पोसणं ही करदात्यांच्या पैशाची उधळपट्टी आहे. पुण्याच्या पेठांमधल्या छोट्या मराठी शाळा बंद करा, मुलं एका मोठ्या शाळेत न्या. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

पट का घसरला ते आधी बघा. वाडे पाडले, भाडेकरू धायरी-वारज्याला गेले, उरलेल्या घरांत म्हातारी माणसं राहिली. आता या शाळांमध्ये मुलं आहेत ती मंडईतल्या हमालांची, घरकामाच्या मावशींची, गावाकडून येऊन खोली घेऊन राहिलेल्यांची. आई पहाटे कामाला जाते. पहिलीतलं पोर मोठ्या बहिणीचा हात धरून गल्लीतल्या शाळेत जातं. शाळा लांब गेली की मुलगा कसाबसा जाईल, मुलगी मात्र धाकट्याला सांभाळायला घरी बसेल. याच बुधवार पेठेत, भिडे वाड्यात, 1848 साली मुलींची शाळा निघाली होती.

धायरीकर
ताई, भिडे वाड्याचं नाव घेऊन पट वाढत नाही. आणि कायदा काय म्हणतो? पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हवी. पेठेत एक बंद केली तरी तेवढ्या अंतरात दुसरी असतेच.

माझी मुलगी अशाच कमी पटाच्या शाळेत होती. पहिली ते चौथी एकाच खोलीत, तिच्या इयत्तेत ती आणि अजून एक मुलगा. खो-खोचा संघ होत नाही, गॅदरिंग नाही, भांडायलासुद्धा कोणी नाही. आम्ही दाखला काढून घेतला. पानशेतला समूह शाळा झालीच ना? आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची मुलं बसने येतात. शासनाने 2023 मध्ये तेच सगळीकडे करायचं म्हटलं, तर केवढा गहजब झाला.

खरा प्रश्न नोकऱ्या वाचवण्याचा आहे. 2011 मध्ये पटपडताळणीला, एकच मूल दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून, मुलांच्या बोटांना शाई लावावी लागली होती, ती उगाच नाही. भरपूर पगार घेऊन शिकवायचं नाही, आणि शाळा मात्र चालू ठेवायची.

खडूफळा
शेवटचं वाक्य मागे घ्या. मी शिक्षक आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून आम्हाला दुसरं अशैक्षणिक काम देता येत नाही. प्रत्यक्षात काय? आधार जुळवा, यू-डायसवर शाळेची सरकारी माहिती भरा, खिचडीच्या तांदळाचा हिशेब ठेवा, फोटो अपलोड करा. त्यात बीएलओची, म्हणजे घरोघरी फिरून मतदार यादी करण्याची ड्युटी. साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक, त्यातला एक कायम बाहेर. मग दुसऱ्याने चार इयत्ता कशा शिकवायच्या ते तुम्ही सांगा.

कोथरूडचा रहिवासी
बीएलओचा विषय निघालाच आहे तर बोलतो. माझ्या आईचं नाव मतदार यादीतून गळलं. आमच्या सोसायटीत कोणी फिरकलेलं नाही. नुसत्या घरी बसून याद्या भरतात.

खडूफळा
फिरकलं नाही? वॉचमन गेटच्या आत सोडत नाही, साहेब. वर फोन लावला की "रविवारी या" म्हणतात. रविवारी गेलं की जेवणाची वेळ झालेली असते. उन्हात जिने चढून आमची एक बाई चक्कर येऊन पडली. तुमच्या आईचं नाव राहिलं त्याचं वाईट वाटतं, पण तो राग आमच्यावर काढू नका.

कोथरूडचा रहिवासी
म्हणजे चूक आमचीच. मतदान बुडालं तिचं, तुमचं नाही.

खडूफळा
बुडालं माझ्या वर्गाचं. महिनाभर.

सहावीची आई
यादीचं भांडण दुसरीकडे करा. मी घरकाम करते. माझ्या पोराचा शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के राखीव जागांत इंग्रजी शाळेत नंबर लागला, सगळ्यांनी पेढे मागितले. फी माफ, पण पुस्तकं, गणवेश, सहल, प्रोजेक्ट, सगळ्याला पैसे. डायरीत इंग्रजीत काय लिहून येतं ते मला वाचता येत नाही. पोराला विचारलं तर रडायचा. चौथीनंतर मी त्याला परत गल्लीतल्या शाळेत घातला. तिथल्या बाई मला नावाने ओळखतात. ती बंद झाली तर मी कुठे जाऊ?

पेठकरीण
धायरीकर, तुमचा एक किलोमीटर नकाशावरचा आहे. मध्ये शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता आहेत, दोन्ही एकेरी, आणि पीएमपीच्या बस थांबत नाहीत. तिथे मोठी माणसं हात दाखवत पळतात. सहा वर्षांच्या पोराला तुम्ही एकटं सोडाल?

आणि पट वाढत नाही हे कोणी सांगितलं? खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा बंद पडायच्या बेतात होती. शिक्षक आणि गावकरी मागे लागले, आज तिथे बाहेरगावची मुलं येतात, 2025 मध्ये तिला जागतिक पुरस्कार मिळाला.

धायरीकर
एक जालिंदरनगर दाखवून हजारो शाळांचा हिशेब लागत नाही. तसे गुरुजी सगळीकडे कुठून आणणार?

रस्त्याचा मुद्दा मान्य करतो, तेवढाच. "शिकवायचं नाही" हेही सरसकट म्हणायला नको होतं. पण दोन मुलांच्या वर्गात मुलगी एकटी पडते हे मी घरात पाहिलंय, त्यावर तुमच्यापैकी एकानेही उत्तर दिलेलं नाही.

पेठकरीण
देते. एका पेठेतल्या दोन शाळा एकत्र करायला माझी ना नाही. पण आधी बस आणि तिच्यात बसणारी एक ताई हवी, दोन्हीकडचे शिक्षक तिथेच राहायला हवेत, आणि रिकाम्या इमारतीत बालवाडी नाहीतर अभ्यासिका निघायला हवी. आत्तापर्यंत आमच्या भागात शाळेला आधी कुलूप लागलं आणि बस पुढच्या वर्षी येणार होती.

धायरीकर
बस आधी, हे लिहून द्या. सही करतो.

सहावीची आई
माझीही घ्या. मीटिंग संध्याकाळी सातनंतर ठेवा, त्याआधी कामावरून सुटका नसते.