माहिती अधिकार: ४,६०० रुपये भरा म्हणतात, शिवाय ठेकेदाराची देयकं ‘त्रयस्थ पक्ष’ म्हणून नाकारलीत. आता काय करू?

चिंचबन (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीतला रस्ता नगरपरिषदेनं काँक्रीटचा केला आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याला भेगा पडल्या. गटाराकडची कड तर हातानं सुटते. म्हणून जोडपत्र ‘अ’ भरून, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून बांधकाम विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज दिला आणि पोच घेतली. अर्जात लिहिलं होतं: ‘सदर रस्त्याच्या कामासंबंधीची सर्व कागदपत्रे, मोजमाप पुस्तिका व ठेकेदारास अदा केलेली देयके द्यावीत. तसेच काम निकृष्ट का झाले व त्यास जबाबदार कोण, हे कळवावे.’

उत्तर आलं ते असं. ‘का’ आणि ‘कोण’ हा भाग प्रश्नार्थक आहे, सबब माहिती देता येत नाही. देयकं त्रयस्थ पक्षाची, म्हणून नाकारली. बाकीची २,३०० पानं होतात, ४,६०० रुपये भरा. पत्रावरची तारीख तीस दिवसांच्या आतली आहे, पण पाकिटावरचा टपालाचा शिक्का मुदत संपल्यानंतरचा आहे. अपील कोणाकडे करायचं याचा पत्रात उल्लेखच नाही.

एवढे पैसे भरणं मला शक्य नाही. पण रस्ता आमच्या करातून झालाय आणि हे सोडून द्यायची माझी तयारी नाही. पुढं काय करावं?

रानवारा

एक रुपया भरू नका. थेट राज्य माहिती आयोगाकडे कलम १८ खाली तक्रार टाका. दिवसाला २५० रुपयांप्रमाणे २५ हजारांपर्यंत दंड होतो, मग बघा कागद कसे पळत येतात.

जुनी_नस्ती

ताई, मी नगरपालिकेत बांधकाम विभागात लिपिक होतो. माहिती अधिकाराचे अर्ज बरीच वर्षं माझ्याच टेबलावर यायचे, त्यामुळे आतून काय होतं ते सविस्तर सांगतो.

आधी रानवारा यांच्या सल्ल्याबद्दल. कलम १८ ची तक्रार जरूर करता येते, पण तिच्यातून कागद मिळत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात स्पष्ट केलंय की तक्रारीत आयोग दंडाचा विचार करू शकतो, माहिती द्या असा आदेश मात्र अपिलाच्या वाटेनंच निघतो. तुम्हाला कागद हवेत, तेव्हा कलम १९(१) खाली प्रथम अपील करा. उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत, जोडपत्र ‘ब’, वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. नगरपरिषदेत बहुतेक ठिकाणी मुख्याधिकारी हेच प्रथम अपिलीय अधिकारी असतात. अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील पत्रात देणं कलम ७ प्रमाणे बंधनकारक आहे. तो दिला नाही, हाही अपिलातला एक मुद्दा करा.

आता २,३०० पानांचं. अर्ज आवक होऊन टेबलावर आला की लिपिक आधी बघतो की यात कोणत्या कागदाचं नाव आहे. ‘सर्व कागदपत्रे’ असं दिसलं की अख्खी नस्ती, म्हणजे फाइल, मोजायला घेतली जाते. त्या नस्तीत प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, करारनामा, कार्यारंभ आदेश हे असतंच. पण पानं फुगतात ती निविदांमुळे. ज्यांना काम मिळालं नाही त्यांचीसुद्धा नोंदणी प्रमाणपत्रं, ताळेबंद, यंत्रसामग्रीच्या याद्या, सगळं तिथंच बांधलेलं असतं. तुमच्या भेगांशी त्याचा काही संबंध नाही. काही जण हे मुद्दाम मोजतात, हे मी पाहिलंय आणि मला ते कधीच पटलं नाही. पण पुष्कळदा टेबलावरच्या माणसाला काय गाळायचं ते ठरवायचा धीर होत नाही, म्हणून तो सगळंच मोजतो.

गल्लीतल्या रस्त्याच्या मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी थोड्याच पानांत मावतात. लांबी, रुंदी, जाडी असे रकाने असतात. तुम्ही जाडीचा रकाना बघा. अंदाजपत्रकात जेवढी जाडी धरलीय तेवढीच पुस्तिकेत येते, कारण बिल त्यावरच निघतं. प्रत्यक्षात ती तेवढी आहे का, हे तुटलेल्या कडेवर पट्टी लावली की दिसतं. देयकावर पुस्तिकेचा क्रमांक आणि पान लिहिलेलं असतं, त्यावरून दोन्ही जुळवता येतात. तिसरा कागद म्हणजे काँक्रीटच्या ठोकळ्यांचा चाचणी अहवाल. कामातलंच काँक्रीट ठोकळ्यांत ओतून त्याची ताकद तपासतात, त्याचा हा अहवाल. ठोकळे कधी ओतले, अठ्ठावीस दिवसांची चाचणी कधी झाली, या तारखा त्यात असतात. त्या कार्यारंभ आदेशाच्या आणि अंतिम देयकाच्या तारखांशेजारी ठेवा. अठ्ठावीस दिवसांचा अहवाल यायच्या आधीच अंतिम देयक निघालं असेल, तर तुमचा ‘का’ आपोआप उभा राहतो.

ते ‘का’ आणि ‘कोण’ त्यांनी नाकारलं, त्यात कायदा त्यांच्या बाजूनं आहे. जे अभिलेखात आहे तेच द्यायचं असतं, नव्यानं मत किंवा खुलासा तयार करून द्यायचा नसतो. सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा उत्तरपत्रिकांबाबतचा निकाल याच मुद्द्यावर सगळी कार्यालयं लावतात. तेव्हा ‘काम निकृष्ट का’ याऐवजी ‘सदर कामाची पाहणी केलेल्या अभियंत्याचे पाहणी अहवाल व दोषदायित्व कालावधीत ठेकेदारास दिलेल्या नोटिसांच्या प्रती’ असं नवा अर्ज करून मागा. दोषदायित्व कालावधी म्हणजे कामातले दोष ठेकेदारानं दुरुस्त करून द्यायची मुदत. नोटीस दिलीच नसेल तर ‘अभिलेखात उपलब्ध नाही’ असं त्यांना सहीनिशी लिहून द्यावं लागेल. त्या एका ओळीचं मोल मोठं आहे.

नव्या अर्जात एकच विषय ठेवा. महाराष्ट्रात २०१२ पासून एका अर्जात एक विषय आणि साधारण १५० शब्द असा नियम आहे. तेवढ्यावरून अर्ज परत करणारी कार्यालयं आहेत.

मुरूड_१९

‘त्रयस्थ पक्ष’ या मुद्द्यावर मी लिहिते, कारण तिथंच जास्त लोक माघार घेतात. कलम ११ मध्ये त्रयस्थाला नकाराधिकार दिलेला नाही. त्यानं माहिती गोपनीय म्हणून दिलेली असेल, तर अर्ज आल्यापासून पाच दिवसांत त्याला नोटीस द्यायची, म्हणणं मांडायला दहा दिवस द्यायचे आणि मग निर्णय जन माहिती अधिकाऱ्यानंच घ्यायचा. अपिलात विचारा की ही नोटीस दिली होती का, तिची जावक क्रमांकासह प्रत द्या. पुष्कळदा नोटीस निघालेलीच नसते.

शिवाय देयक हा नगरपरिषदेनं सार्वजनिक पैसा खर्च केल्याचा कागद आहे, ठेकेदाराची खासगी वही नव्हे. त्यावर त्याचा बँक खाते क्रमांक असेल तर कलम १० प्रमाणे तेवढाच भाग झाकून बाकीचं द्यायचं असतं. वैयक्तिक माहिती नाकारायची मुभा देणाऱ्या कलम ८(१)(जे) मध्ये ‘सार्वजनिक हित असेल तर द्या’ असा अपवाद होता, तो डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं काढून टाकला, त्यामुळे आता सर्रास ‘वैयक्तिक’ हा शिक्का मारतील. ही दुरुस्ती मला फार घातक वाटते. पण कलम ८(२) अजून जागेवर आहे आणि सार्वजनिक हित मोठं असेल तर एरवी नाकारता येणारी माहितीही त्याखाली देता येते. अपिलात ८(२) चा उल्लेख हटकून करा. आणि नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे त्यांच्यावर आहे, तुमच्यावर नाही.

चिंचबन

काका, ताई, तुमचे आभार कसे मानू? दोन शंका आहेत. टपालाच्या शिक्क्यावरून सगळी पानं फुकट मागता येतील का? आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का?

जुनी_नस्ती

मागता येतील. कलम ७(६) प्रमाणे मुदत उलटली की माहिती विनामूल्य द्यायची असते आणि शुल्काचं पत्र पाठवलं कधी, त्याला महत्त्व आहे. ते पाकीट फाडू-फेकू नका, शिक्का दिसेल अशी झेरॉक्स अपिलाला जोडा. पण २,३०० पानं फुकट मागितलीत तर सगळी सुनावणी त्याच वादात जाईल आणि ते कलम ७(९) पुढं करून यंत्रणेवरच्या ताणाचं रडगाणं गातील. मोजमाप पुस्तिका, देयकं, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि चाचणी अहवाल एवढंच विनामूल्य द्यावं, बाकीच्या नस्तीचं अवलोकन करू द्यावं, असं मागा. समोरच्याला नाही म्हणायला जागाच राहत नाही.

आणि थांबू नका. २०१८ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघता येतात. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. परिपत्रकाची प्रत सोबत न्या, कारण टेबलावरच्या नव्या माणसाला ते ठाऊक असेलच असं नाही. जाताना गल्लीतलं कुणीतरी बरोबर घ्या. एकानं पानं उलटायची, दुसऱ्यानं लिहून घ्यायचं. टिपणं काढायचा हक्क कलम २(जे) मध्येच दिलेला आहे. मोजमाप पुस्तिका लेखा विभागात गेलीय म्हणाले तर तसं लेखी मागा आणि तिथंच लेखा विभागात जा. देयकाची प्रमाणकं (व्हाउचर) तशीही तिकडंच असतात.

फाइल सापडत नाही असं सांगितलं, तरी तो नकार कायद्यात बसत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ खाली अभिलेख सांभाळणं ही त्यांची जबाबदारी आहे आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. हे शांतपणे, आवाज न चढवता सांगा.

प्रथम अपिलावर तीस दिवसांत, फार तर कारण नोंदवून पंचेचाळीस दिवसांत निर्णय यायला हवा. आला नाही किंवा पटला नाही, तर नव्वद दिवसांत आयोगाच्या तुमच्या विभागाच्या खंडपीठाकडे दुसरं अपील, जोडपत्र ‘क’. तिथं नंबर लागायला फार वेळ जातो, म्हणून पहिल्या सुनावणीत सगळं नीट मांडा. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असा मोघम आदेश देऊ लागले तर तिथल्या तिथं विनंती करा की कोणते कागद, किती दिवसांत, विनामूल्य की सशुल्क, हे आदेशात लिहा. अपिलाचा मसुदा झाला की इथं टाका. नाव-गाव काढून टाका, मी वाचून देतो.