पोकेमॉन हार्टगोल्ड: गोल्डनरॉड सिटीपर्यंतचे पहिले मत आणि काही शंका

रानवाट:

मूळ ‘पोकेमॉन गोल्ड’ मी गेम बॉय कलरवर शेवटपर्यंत खेळलो होतो. त्या कार्ट्रिजमधले घड्याळ आणि सेव्ह हे दोन्ही आतल्या छोट्या बॅटरीवर अवलंबून असल्यामुळे बॅटरी संपताच सारा खेळ पुसला गेला. म्हणून आता त्याचा रीमेक, म्हणजे निन्टेन्डो डीएसवरचा ‘हार्टगोल्ड’, नव्याने सुरू केला आहे आणि सध्या गोल्डनरॉड सिटीत तिसऱ्या जिमसमोर, म्हणजे जिथे प्रमुखाला हरवून बॅज मिळवायचा त्या आखाड्यासमोर, पोहोचलो आहे.

आतापर्यंत सर्वांत अधिक भावलेली गोष्ट म्हणजे संघातला पहिला पोकेमॉन चेंडूत बंद न राहता आपल्या मागे चालत येतो. 1998 च्या ‘यलो’ आवृत्तीत हा मान एकट्या पिकाचूला होता. इथे तो सर्व 493 पोकेमॉनना दिला आहे. वळून त्याच्याशी बोलले की तो कुठे उभा आहे आणि त्याची अवस्था काय आहे, त्यानुसार वेगळा प्रतिसाद देतो. ओनिक्ससारखा अवाढव्य पोकेमॉन घरात शिरत नाही, हा बारकावाही सांभाळलेला आहे. वरवर पाहता ही केवळ सजावट वाटेल, परंतु तिचा खेळण्याच्या पद्धतीवर परिणाम होतो: पूर्वी मी संघाचा क्रम निव्वळ लढाईच्या सोयीने लावत असे, आता ‘आज सोबत कोणाला घेऊन चालावे’ हा विचारही त्यात येतो आणि एरवी मागे पडणारे पोकेमॉन आपोआप पुढे येऊन शिकत राहतात. खालच्या टच स्क्रीनवर बॅग, नकाशा आणि धावण्याचे बटण कायम हाताशी असल्याने जुन्या मेन्यूंचा कंटाळाही उरलेला नाही.

आता शंका. पहिली: या जिमची प्रमुख व्हिटनी हिच्या मिलटँकविरुद्ध मी जुन्या सवयीने गॅस्टली उतरवला. नॉर्मल प्रकारच्या हल्ल्यांचा भूत प्रकारावर परिणाम होत नाही, तरीही स्टॉम्प या नॉर्मल हल्ल्याने त्याला इजा झाली. हा बदल कशामुळे? दुसरी: मूळ खेळात मधल्या टप्प्यावर रानातल्या पोकेमॉनच्या लेव्हल फारच खाली राहत आणि प्रगती खुंटल्यासारखी वाटे. रीमेकमध्ये ते सुधारले आहे का? तिसरी: मी टोटोडाइल निवडला आहे, जुन्या खेळातली संघबांधणी इथे चालेल का?

सोळावा बॅज:

पहिल्या शंकेचे उत्तर सरळ आहे. पोकेमॉनच्या ‘ॲबिलिटी’, म्हणजे अंगभूत गुण, 2002 च्या ‘रूबी’ आणि ‘सफायर’पासून आल्या, त्यामुळे 1999 च्या मूळ खेळात त्या नव्हत्या. रीमेकमधल्या मिलटँकला ‘स्क्रॅपी’ ही ॲबिलिटी दिली आहे आणि तिच्यामुळे नॉर्मल व फायटिंग प्रकारचे हल्ले भूतांनाही लागतात. शिवाय तिच्याजवळ झोपेसारखी अवस्था एकदा घालवणारे लम बेरी हे फळ असते, त्यामुळे तिला झोपवण्याचा पहिला प्रयत्नही वाया जातो. तिची लेव्हल 20 वरून 19 केली आहे, पण या दोन बदलांमुळे लढत मुळातल्यापेक्षा सोपी झाली आहे असे मला मुळीच वाटत नाही, आणि जुना खेळ पाठ असलेल्यांसाठीच ही जागा मुद्दाम राखलेली असावी असा माझा तर्क आहे.

उपाय मात्र जुनाच आहे. शहराच्या दक्षिणेला रूट 34 वर ड्राउझी पकडावा आणि डिपार्टमेंट स्टोअरमध्ये त्याच्या बदल्यात मिळणारा माचॉप घ्यावा. फायटिंग प्रकार असल्यामुळे त्याचे हल्ले मिलटँकवर दुप्पट परिणाम करतात आणि तिचा रोलआउट खडक प्रकारचा असल्याने त्याला निम्माच लागतो. बदलून घेतलेल्या पोकेमॉनला अनुभवाचे गुणही दीडपट मिळतात, त्यामुळे तो लवकर तयार होतो. रोलआउटची ताकद दर फेरीला दुप्पट होत पाच फेऱ्यांपर्यंत वाढत जाते, म्हणून पहिल्या दोन फेऱ्यांतच घाव घालणे महत्त्वाचे. मादी पोकेमॉन वापरल्यास नरांना मोहात पाडणाऱ्या तिच्या ॲट्रॅक्टचा त्रासही टळतो.

निशाचर:

दुसऱ्या शंकेबद्दल सविस्तर लिहितो, कारण या रीमेकचे गुण आणि दोष दोन्ही तिथेच आहेत.

एक्रूटीक सिटीतला चौथा बॅज मिळाल्यावर जोतो या खेळातल्या प्रदेशाचा रस्ता दोन्हीकडे खुला होतो. पश्चिमेला ऑलिव्हाइन आणि सियानवुड, पूर्वेला महोगनी. कोणत्याही बाजूने आधी जाता येते. खेळाडू कुठून येईल हे ठाऊक नसल्यामुळे मूळ खेळात या सगळ्या पट्ट्यातल्या लेव्हल जवळजवळ सपाट ठेवल्या गेल्या. परिणामी सातव्या जिमचा पिलोस्वाइन लेव्हल 31 चा होता आणि सहाव्या जिमची स्टीलिक्स मात्र 35 ची. रीमेकमध्ये पिलोस्वाइनला 34 पर्यंत नेले आहे, म्हणजे डागडुजी झाली, पण सांगाडा तोच राहिला. अजिंक्यवीर लान्सचा सर्वांत बलवान ड्रॅगनाइट पूर्वीप्रमाणेच लेव्हल 50 चा आहे, आणि त्याच्यापर्यंतच्या वाटेवर रानातले पोकेमॉन फार मागे असतात. माउंट सिल्व्हरवरच्या रेड या शेवटच्या प्रतिस्पर्ध्याचा पिकाचू मात्र 81 वरून थेट 88 वर गेला आहे, त्यामुळे शेवटची दरी उलट रुंदावली आहे.

तरीही या सपाट मैदानाला मी दोष म्हणणार नाही. आपल्या मर्जीने वाट निवडण्याची मुभा या मालिकेतल्या फार थोड्या खेळांनी दिली आहे आणि संथपणा ही त्या मुभेची किंमत आहे. माझा सल्ला असा, की संघ सहाचा न करता मधल्या टप्प्यात चारांवर भर द्यावा. पोकेवॉकर हे पावले मोजणारे यंत्र जवळ असेल तर तेही वापरावे, मात्र एका फेरीत जास्तीत जास्त एकच लेव्हल वाढते हे ध्यानात असू द्यावे.

तिसऱ्या शंकेत मोठा बदल दडलेला आहे. पूर्वी हल्ला शारीरिक की विशेष हे त्याच्या प्रकारावरून ठरे, म्हणजे पाण्याचे सगळे हल्ले विशेष असत. ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’पासून हे प्रत्येक हल्ल्यागणिक ठरते. टोटोडाइलचे अंतिम रूप असलेल्या फेरालिगेटरचा अटॅक (शारीरिक) 105 आणि स्पेशल अटॅक (विशेष) 79. त्याची खरी ताकद मूळ खेळात पाण्याच्या हल्ल्यांना मिळतच नव्हती. आता आइस पाथमध्ये मिळणारा वॉटरफॉल हा पाण्याचा हल्ला शारीरिक आहे. लेक ऑफ रेजच्या लाल ग्याराडॉसच्या बाबतीत तर 125 आणि 60 असा फरक आहे. तेव्हा तुमची निवड जुन्या खेळापेक्षा इथे कितीतरी अधिक फळेल.

पाणकाठ:

निशाचर यांच्या मताचा आदर राखून मी असहमती नोंदवतो. वाटा खुल्या ठेवूनही बॅजच्या संख्येनुसार जिम लीडरचा संघ बदलता आला असता. दहा वर्षांनी तोच खेळ नव्याने बांधताना एवढी अपेक्षा रास्त आहे. तसेच हाउंडोर आणि मुर्क्रो हे ‘गोल्ड’च्याच पिढीत नव्याने आलेले पोकेमॉन सफारी झोनचा अपवाद वगळता रानात अजूनही कांटो या दुसऱ्या प्रदेशात पोहोचल्यावरच भेटतात. ज्या पिढीची ओळख करून द्यायची, तिचेच चेहरे प्रवासाच्या उत्तरार्धापर्यंत दूर ठेवणे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

मात्र एका बाबतीत या रीमेकची मनापासून प्रशंसा केली पाहिजे. 2004 च्या ‘फायररेड’मध्ये नॅशनल डेक्स ही सर्व पोकेमॉनची यादी मिळेपर्यंत गोलबॅटचे क्रोबॅटमध्ये रूपांतरच होऊ दिले जात नसे, आणि ती अडवणूक फार खटकत असे. इथे जोतोची यादी 251 वरून 256 केली आहे. विशिष्ट मूव्ह शिकून लेव्हल वाढल्यावर उत्क्रांत होणारे यानमेगा, ॲम्बिपॉम, लिकीलिकी, टँगरोथ आणि मामोस्वाइन हे ते वाढीव पाच. त्यामुळे मूळ खेळात दुबळा राहिलेला यानमा आता पूर्ण प्रवास सोबत करू शकतो. संघात एक जागा त्याच्यासाठी ठेवून पाहा.

रानवाट:

तिघांचेही मनःपूर्वक आभार. माचॉप घेतला आणि मिलटँकवर मात झाली. रोलआउटचा दुसरा फेरा सुरू होण्याआधीच ती कोसळली. पाणकाठ यांचा बॅजनुसार संघ बदलण्याचा मुद्दा मला पटतो, तरी एक्रूटीकनंतर मी आधी महोगनीकडेच जाणार आहे, कारण मूळ खेळात मी नेहमी पश्चिमेची वाट धरली होती. लाल ग्याराडॉस लवकर हाती आला तर फेरालिगेटर आणि तो असे दोन जलचर एकाच संघात ठेवणे योग्य ठरेल का, की यानमासाठी त्यांतल्या एकाला बाजूला ठेवावे?

निशाचर:

दोघांनाही ठेवा. ग्याराडॉस पाणी आणि उड्डाण अशा दुहेरी प्रकाराचा असल्यामुळे विजेचा हल्ला त्याला चौपट लागतो, एवढीच काळजी घ्या. यानमासाठी माचॉपची जागा मोकळी करता येईल. पण सियानवुडची जिम झाल्यावरच करा आणि तोवर सहाव्या जिमच्या जास्मिनच्या स्टीलिक्ससाठी फेरालिगेटर तयार ठेवा.