बालगीतं लिहिणं हे काम म्हणून करायचंय: बांधणी, करार, रेकॉर्डिंग (कोल्हापूर)

करवीर_बालवर्ग (विचारणा)

नमस्कार. इथल्या एका खाजगी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गासाठी आणि गॅदरिंगसाठी गाणी लिहिते, चालीही मीच लावते. आता एका कार्टून चॅनेलकडून गाण्यांची मागणी आली आहे. पैसे एकरकमी आहेत आणि करारात 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं लिहिलंय.

मोठ्यांना गोड वाटणारं गाणं कधी कधी मुलांच्या तोंडी बसतच नाही, ते का? लिहिताना नेमकं काय तपासायचं? करारात कुठल्या ओळी बघायच्या? मुलांच्या आवाजात रेकॉर्डिंग करायचं तर काय काळजी घ्यायची? आणि कोल्हापुरात राहून हे काम पोटापाण्याचं होतं का? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

ठेका

ताई, पहिल्या प्रश्नावरच सगळं उभं आहे, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

आधी मात्रा मोजा. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन. अनुस्वार असलेल्या किंवा जोडाक्षराचा आघात घेणाऱ्या अक्षराच्याही दोन. बालवर्ग ते दुसरीपर्यंत सोळा मात्रांची ओळ सगळ्यात भरवशाची, म्हणजे आठ-आठचे दोन तुकडे. जुन्या वृत्तांतली पादाकुलकाची मोजणी हीच. पण नुसती बेरीज सोळा भरली म्हणजे झालं असं नाही. दर चार मात्रांनंतर नवं अक्षर सुरू व्हायला हवं, कारण मुलाची टाळी तिथे पडते. हे बघा:

रंकाळ्यावर बगळा आला
एका पायी उभा राहिला

दोन्ही ओळी सोळा मात्रांच्या आहेत. पहिली मुलं लगेच उचलतात, दुसरीत 'उभा राहिला'पाशी अडखळतात. 'उभा'च्या तीन मात्रा होतात, मग 'रा' चौथ्या मात्रेवर सुरू होतो आणि पाचवीवर संपतो, म्हणजे टाळी 'रा'च्या पोटात पडते. तिथे 'टपून बसला' घाला. टपून चार, बसला चार. बेरीज तीच, पण ओळ सरळ चालायला लागते. मोठा गायक ही अडचण सहज झाकून नेतो, म्हणून आपल्या कानाला ती कळत नाही.

दुसरं, ऱ्हस्व अक्षरावर लांब सूर ठेवू नका. 'कमळ'मधला म ताणला की 'कमाळ' ऐकू येतं, आणि मूल तोच शब्द म्हणून शिकतं. लांबवायचं असेल तर दीर्घ स्वराचं अक्षर त्या जागी येईल अशी ओळ फिरवा.

तिसरं, दम. चार-पाच वर्षांचं मूल एका श्वासात साधारण चार-पाच सेकंद नीट गातं. लय मिनिटाला 110 ठोके आणि दर ठोक्याला अक्षराच्या दोन मात्रा धरल्या, तर सोळा मात्रांची ओळ केहरव्याच्या (आठ ठोक्यांचा ताल) एका आवर्तनात, सुमारे 4.4 सेकंदांत संपते. तीच ओळ 80 च्या लयीत घेतली की सहा सेकंद लागतात आणि शेवटचा शब्द गळतो. अंगाई संथच हवी, मग तिथे दादरा (सहा ठोक्यांचा ताल) घ्या आणि ओळ बारा मात्रांचीच ठेवा. 70 च्या लयीतही ती पाच सेकंदांच्या आसपास आटोपते.

चौथं, पट्टी, म्हणजे पेटीवर सा कुठे धरायचा ते, आणि शाळांत सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. बाई स्वतःच्या सोयीने काळी चार किंवा पाचला (पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीला) सा धरतात. ही जागा मुलांसाठी फार खाली. खालचे सूर लागत नाहीत म्हणून मुलं पुटपुटतात, नाहीतर एकदम वरच्या सप्तकात उडी मारून किंचाळतात. पुरुष शिक्षक काळी एकला गातात तेव्हा मुलं आपोआप एक सप्तक वर गातात आणि ते त्यांना झेपतं. म्हणून बाईंनी मुलांसाठी मधल्या सप्तकातली पांढरी एक किंवा पांढरी दोन धरावी, स्वतःला थोडं वर वाटलं तरी. तीन ते पाच वर्षांसाठी चालीची मजल सा ते प, फार तर ध. पहिली-दुसरीला तार सा चालतो. भूप रागातले पाच सूर मुलांच्या गळ्यात लवकर स्थिरावतात. मध्यम आणि निषाद (म आणि नी) हलतात, ते आणायचेच तर सरळ चढता-उतरता आणा, त्यांच्यावर उडी मारायला लावू नका.

अंगणवाडी_ताई

ठेका यांचं मात्रांचं म्हणणं अगदी बरोबर, पण उदाहरणाबद्दल एक हरकत आहे. 'रंकाळ्यावर' हा शब्द पहिलीच्या मुलाला मजा देईल. तीन वर्षांच्या मुलाला र आणि ळ दोन्ही अवघड, त्यात जोडाक्षर. त्या वयात र चा ल होतो, तो वाढीचा टप्पा आहे, तिथे मुलाला टोकायचं नसतं. तेव्हा लहानांच्या ध्रुवपदात प, ब, म, त, न, क हे वर्ण जास्त ठेवा आणि अवघड शब्द कडव्यात टाका, कारण कडवं बाई म्हणतात आणि मुलं ध्रुवपदावर येतात.

हावभाव ओळीवर बसवू नका, ओळीनंतर मोकळी जागा सोडा आणि कृती त्या जागेत येऊ द्या. 'उडी मारा' म्हणता म्हणता उडी मारायला लावली की श्वास तुटतो आणि पुढची ओळ अर्धा वर्ग सोडून देतो. तसंच एका कडव्यात एकच नवी गोष्ट. एकाच कडव्यात बगळा, मासा, होडी आणि पाऊस आले की मुलांना क्रम आठवत नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. पेटी-तबला काही न घेता गाणं एका दिवसात तीन वेळा म्हणून दाखवा. दुसऱ्या दिवशी फक्त अर्धी ओळ म्हणा आणि गप्प बसा. मुलं जिथे पुढची अर्धी पुरी करतात ती ओळ पक्की. जिथे एकमेकांकडे बघतात तिथे पेन्सिलने खूण करा. चार-पाच वर्गांत त्याच जागी खूण आली तर दोष ओळीत आहे, मुलांत नाही.

कागदपत्र

कराराबद्दल. सही करण्याआधी हे पूर्ण वाचा.

कॉपीराइट कायदा 1957 चा, त्यात 2012 साली मोठी दुरुस्ती झाली. कलम 18 आणि 19 नुसार गीतकार आणि संगीतकार यांनी हक्क दिले तरी रॉयल्टीचा समान वाटा त्यांचाच राहतो. कार्टून व्हिडिओत गाणं असेल तर चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून बाकी वापरांवर हा वाटा लागू होतो. तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला (निर्मात्यांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला) देता येतो. 'मी रॉयल्टी सोडत आहे' असं करारात लिहून घेतलं तरी ते टिकत नाही. तरीही ती ओळ काढायला लावा. वाद झाला तर कोर्टात आपल्यालाच धावावं लागतं.

करारात गाण्यांची नावं, कोणते हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती हे स्पष्ट हवं. मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणून तर समोरचा 'कायमस्वरूपी, संपूर्ण जगात' असं मुद्दाम छापून आणतो. तुम्ही एवढी मागणी करून बघा: पाच किंवा सात वर्षं, फक्त हा व्हिडिओ आणि त्याचा ऑडिओ, पुस्तकाचे आणि रंगमंचाचे हक्क तुमच्याकडे. चॅनेलवाल्यांना खरी गरज व्हिडिओचीच असते, बाकीचे हक्क ते सवयीने मागतात. आणि व्हिडिओखाली गीतकार-संगीतकार म्हणून नाव येईल हे लेखी घ्या. कलम 57 ने नावाचा हक्क तुमचा आहेच, पण करारात असलं की आठवण करून द्यावी लागत नाही.

एक धोका तुमच्या नोकरीतून आहे. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळं ठरलं नसेल तर, नोकरी देणारा असतो. शाळेसाठी लिहिलेली गाणी चॅनेलला देण्याआधी शाळेकडून 'ही गाणी शिक्षिकेची स्वतंत्र निर्मिती आहेत' असं पत्र घ्या.

नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा म्हणून उपयोगी. कॉपीराइट ऑफिसात ऑनलाइन अर्ज होतो. शब्दांसाठी 500 रुपये, चालीसाठी वेगळे 500, ध्वनिमुद्रणासाठी 2000. अर्जानंतर तीस दिवस हरकतींसाठी थांबावं लागतं. तोवर तारखेसह स्वतःला केलेला ईमेल आणि फोनवर गायलेली चाल जपून ठेवा.

आयपीआरएसचं सभासदत्व घ्या. ही संस्था 1969 पासूनची, 2017 मध्ये कॉपीराइट सोसायटी म्हणून तिची पुन्हा नोंदणी झाली. रेडिओ, स्ट्रीमिंग, जाहीर कार्यक्रम यांतली गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी तिथून येते. पण नुसतं सभासद होऊन पैसे येत नाहीत. प्रत्येक गाणं, त्यातला प्रत्येकाचा वाटा आणि रेकॉर्डिंगचा आयएसआरसी नंबर (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) कळवावा लागतो. शब्द आणि चाल दोन्ही तुमचं असेल तर दोन्हीकडे नाव लावा. बरेच जण फक्त गीतकार म्हणून नोंदवतात आणि चालीचा वाटा तसाच पडून राहतो.

करवीर_बालवर्ग

खूप आभार सगळ्यांचे. शाळेच्या पत्राचं डोक्यातच आलं नव्हतं. एक उपप्रश्न: चॅनेलवाले म्हणतात की जुनी लोकप्रिय बालगीतंही नव्या चालीत करून द्या, 'ती आता कुणाचीच नाहीत'. हे खरं आहे का?

कागदपत्र

नाही. शब्द आणि चाल यांचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर 60 वर्षं. दोन्ही मुदती वेगळ्या चालतात. 'नाच रे मोरा' बघा. 'देवबाप्पा' चित्रपट 1953 चा, त्यामुळे मूळ ध्वनिमुद्रणाची मुदत 2013 अखेर संपली. पण ग. दि. माडगूळकर 1977 साली गेले, म्हणजे शब्द 2037 अखेरपर्यंत संरक्षित. चाल पु. ल. देशपांडे यांची, ते 2000 साली गेले, म्हणून चाल 2060 अखेरपर्यंत. जुनी तबकडी ऐकून 'हक्क संपले' म्हणणारे इथेच फसतात. ओव्या, भोंडल्याची गाणी, बडबडगीतं यांतली खरोखर पारंपरिक असतील ती मोकळी, पण कुणी अलीकडे केलेली त्यांची चाल किंवा वाद्यमेळ मोकळा नसतो.

फेडर

रेकॉर्डिंगचं सांगतो. मुलं चार ते सहा घ्या. दोनच असतील तर एकाची चूक उघडी पडते, दहा असतील तर शब्द चिखल होतात. चार मुलांकडून तीच ओळ दोनदा गाऊन घेतली आणि दोन्ही थर ठेवले की आठ मुलांचा भरीव आवाज मिळतो. मोठ्या डायफ्रॅमचा एक कंडेन्सर माइक, मुलं अर्धगोलात, तोंडापासून दीड फूट. उंच मूल मागे, दबक्या आवाजाचं मधे. हेडफोन एका कानावर, दुसरा कान उघडा, नाहीतर मुलं स्वतःला ऐकू शकत नाहीत आणि सूर वर सरकतो.

मार्गदर्शक ट्रॅक पुरुषाच्या आवाजात देऊ नका. मुलांच्याच सप्तकात, बाईच्या किंवा मोठ्या मुलीच्या आवाजात द्या. पूर्ण गाणं एका दमात घेऊ नका. दोन ओळी, थांबा, पुढच्या दोन. पाऊण तासानंतर उच्चार ढिले पडतात, तेव्हा सकाळी शाळेआधी एक बैठक आणि दुसऱ्या दिवशी दुसरी. पंखा बंद ठेवावा लागतो, म्हणून एप्रिल-मे टाळा किंवा एसीची खोली आधी गार करून मग एसीही बंद करा. रेकॉर्डिंगची सेटिंग 24 बिट, 48 किलोहर्ट्झ. सूर दुरुस्तीचं सॉफ्टवेअर फक्त जिथे खटकतं तिथेच, सगळीकडे लावलं की मुलं यंत्रासारखी वाटतात.

इंट्रो आठ ठोक्यांपेक्षा मोठा नको. वर्गात बाईंना मोबाइलवरून गाणं लावायचं असतं, वीस सेकंद बासरी वाजली तर मुलं उठून जातात. शब्दांशिवायचा वाद्यमेळही वेगळा काढून ठेवा. गॅदरिंगला शाळा तोच मागतात.

दृकश्राव्य कामात मुलं घेताना बालकामगार कायद्याचे कलाकारांसाठीचे नियम लागतात: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची संमती, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मिळकतीतला किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत. निर्मात्याने हे करायचं असतं, तो करतोय ना ते विचारा.

आणि तयार लूप (विकत मिळणारे वाद्यांचे तुकडे) वापरून केलेल्या गाण्यावर यूट्यूबची कंटेंट आयडी (आपलं गाणं दुसऱ्या व्हिडिओत ओळखणारी यंत्रणा) लावायचा प्रयत्न करू नका. तोच लूप दुसऱ्या शेकडो गाण्यांत असतो, दावे-प्रतिदावे सुरू होतात. आपल्याकडे तबला, ढोलकी, पेटी वाजवणारे आहेत, तानपुरा-सतारीला मिरज हाकेच्या अंतरावर आहे. दोन वाद्यं खरी घ्या.

ठेका

पोटापाण्याचं: नोकरी सोडू नका, निदान इतक्यात नाही. जगदीश खेबूडकर याच गावात शिक्षकी करत गाणी लिहीत होते. बालगीताचा पैसा थोडा, पण लांबवर येत राहतो, आणि तो हक्क जपलेल्या गाण्यांतूनच येतो.

इथे राहून मिळणारी कामं म्हणजे शाळांची गॅदरिंगची आणि प्रार्थनेची गाणी, राज्य बालनाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या संस्थांची पदं, आकाशवाणी कोल्हापूरचे मुलांचे कार्यक्रम, कार्टून चॅनेल. शाळेला गाणं देताना 'या शाळेत वापरायची परवानगी' द्या, गाणं विकू नका. तेच गाणं पुढच्या वर्षी सांगलीच्या शाळेलाही देता येतं. बालनाट्याचा फायदा असा की तालमीत मुलं ते गाणं महिनाभर म्हणतात, आणि तोवर कच्च्या ओळी आपोआप उघड होतात.

स्वतःचं चॅनेल काढायचं तर जमाखर्च आधी समजून घ्या. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत 4000 तास पाहिलं जाणं लागतं. जानेवारी 2020 पासून मुलांसाठीचा व्हिडिओ तसा दाखवणं सक्तीचं आहे. त्यावर कॉमेंट बंद, वैयक्तिक जाहिराती बंद, त्यामुळे तेवढ्याच व्ह्यूला मोठ्यांच्या व्हिडिओपेक्षा कमी मिळतं. कॉमेंट हव्यात म्हणून 'मुलांसाठी नाही' असं टाकणारे पुढे चॅनेल गमावू शकतात. एक गाणं टाकून वाट बघण्यापेक्षा आठ-दहा गाणी तयार ठेवून दर पंधरवड्याला एक सोडा, आणि सगळी एकत्र जोडलेला वीस मिनिटांचा व्हिडिओही करा. तास तिथून भरतात, कारण पालक तो लावून स्वयंपाकाला जातात.

करवीर_बालवर्ग

फेडर सर, मिक्समध्ये तानपुरा ठेवायचा का? वर्गात लावल्यावर ऐकू तर येत नाही.

फेडर

मुलं गाताना त्यांच्या हेडफोनमध्ये जरूर ठेवा, सूर त्यावरच टिकतो. अंतिम मिक्समध्ये मोबाइलच्या स्पीकरला खालचे सूर पेलत नाहीत, नुसती गुणगुण उरते आणि ती मुलांच्या शब्दांवर चढते. 150 हर्ट्झच्या खालचा भाग कापा आणि तानपुरा इतका हळू ठेवा की बंद केल्यावरच तो होता हे कळावं. मग मिक्स एकदा साध्या मोबाइलवर, वर्गाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून ऐका. शब्द तिथे कळले तर फाइल चॅनेलला पाठवा.