४५ हजार जुने फोटो: लावायचे कसे आणि उडवायचे कोणते?

कऱ्हाडकर
नमस्कार मंडळी, घरातले सगळे डिजिटल फोटो एका जागी आणायला घेतलेत. २००४ ला पहिला डिजिटल कॅमेरा आला तेव्हापासूनचे आहेत, मग बाबांचा कॅमेरा, नंतर सगळ्यांचे मोबाइल, आणि भाऊ न्यू जर्सीहून सुट्टीला आला की त्याचं कार्ड आहे तसं कॉपी करून ठेवायचो. दोन हार्डडिस्क, सीड्यांची चळत आणि एक जुना डेस्कटॉप मिळून ४५ हजारांच्या वर फाइली होतायत. एकच फोटो तीन तीन ठिकाणी, व्हॉट्सअ‍ॅपवरची सुप्रभातं वेगळीच. पुढच्या वर्षी आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत, त्याआधी आईला टीव्हीवर बघता येतील असे नीट लावून द्यायचेत.

बाबांच्या कॅमेऱ्यातली तारीख सारखी उडायची, त्यामुळे ढीगभर फोटोंवर १ जानेवारी आहे. पूर्वी गूगलच्या पिकासा या फोटो लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये चेहऱ्यांना नावं दिलेली, ती त्या डेस्कटॉपवरच आहेत. फुकट आणि फोटो इंटरनेटवर न चढवता चालेल असं काय आहे? आणि उडवायचे कोणते हे कसं ठरवता तुम्ही लोक? डिलीटवर बोट ठेवलं की पुढे जातच नाही.

पाऊलवाट
आधी डिलीट विसरा, ते सगळ्यात शेवटी. एक नवी मोठी डिस्क घ्या, त्यावर सगळं जसंच्या तसं ओता, प्रत्येक जुन्या डिस्कचं नि सीडीचं वेगळं फोल्डर करून. सीड्या तर आजच कॉपी करा, घरी राइट केलेल्या सीड्या वर्षांनी वाचता येईनाशा होतात. हे झालं की त्याची दुसरी कॉपी काढून कपाटात ठेवायची आणि हात लावायचा नाही.

मग पिकासा. ते २०१६ मध्ये बंद झालं पण आधीपासून इन्स्टॉल असेल तर सहसा उघडतं. त्यातली नावं फोटोत नसतात, पिकासाच्या स्वतःच्या छोट्या फाइलींत असतात, म्हणून फोटो दुसरीकडे नेले की नावं मागे राहतात. टूल्समध्ये एक्सपेरिमेंटलखाली चेहरे एक्सएमपीमध्ये लिहायचा पर्याय आहे तो चालवा, म्हणजे नावं प्रत्यक्ष फोटोच्या फाइलीत जातील. आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पिकासाओरिजिनल्स नावाचं लपलेलं फोल्डर असू शकतं. तुम्ही क्रॉप किंवा रंग बदलून सेव्ह केलेल्या फोटोंचे मूळ फोटो तिथे असतात, कचरा समजून उडवू नका.

सॉफ्टवेअर म्हणाल तर डिजिकॅम. फुकट आहे, ओपन सोर्स, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं, चेहरे ओळखायचं काम तुमच्याच कॉम्प्युटरवर होतं. पण पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये मेटाडेटात (फोटोविषयीची माहिती) जाऊन टॅग, कॅप्शन, रेटिंग हे सगळं फाइलीत लिही असं सांगून ठेवा. नाहीतर पुन्हा तेच, मेहनत एका सॉफ्टवेअरच्या डेटाबेसात अडकणार. माझ्या मते कुठलंही सॉफ्टवेअर निवडताना हा एकच प्रश्न विचारावा, उद्या हे बंद पडलं तर मी दिलेली नावं फोटोबरोबर येतील का.

डुप्लिकेटसाठी त्यातच शोध आहे, दिसायला सारखे फोटो टक्केवारीने शोधतो. सुरुवात १०० टक्क्यांपासून करा, मग हळूहळू ९० पर्यंत उतरा. जोडी सापडली की पिक्सेल बघा, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला बहुतेक लांब बाजूला १६०० पिक्सेलच्या आसपासचा असतो आणि त्यातली कॅमेऱ्याची माहिती गेलेली असते, तो जाऊ द्या, मोठा ठेवा.

अबोली
पाऊलवाट यांना +१, विशेषतः डिलीट शेवटी याला.

कोणते ठेवायचे यावर माझं मत देते. मी सासरचे नि माहेरचे दोन्हीकडचे लावलेत. एकेक फोटो घेऊन ठेवू का उडवू असं विचारत बसलं की खरंच पुढे सरकत नाही, म्हणून एक प्रसंग पूर्ण उघडायचा, समजा एक मुंज, आणि पहिल्या फेरीत फक्त ठेवायचे तेवढे निवडायचे. डिजिकॅममध्ये आल्ट ३ दाबलं की स्वीकारलेला, आल्ट १ म्हणजे नाकारलेला, माऊसला हातही लावावा लागत नाही. मातृभोजनाचे एकासारखे एक वीस फोटो असतील तर त्यातले दोन शेजारी शेजारी ठेवून बघायला लाइट टेबल आहे, चेहरा नीट आहे तो ठेवायचा. बाकीचे लगेच उडवायचे नाहीत, नाकारलेले नुसते लपवून ठेवायचे आणि सगळं संपल्यावर एकदा नजर टाकून काढायचे.

आणि एक कळकळीने सांगते, सूर्यास्त, धबधबे, देवळांचे कळस खुशाल कमी करा, ते पुन्हा काढता येतात. पण ज्या फोटोत मागे जुनं घर, स्वयंपाकघरातली मांडणी, बाबांची स्कूटर, दुकानाची पाटी, अंगणातलं जास्वंदीचं झाड असं काही आलंय ते हललेलं असलं तरी ठेवा. सासूबाई आमच्या लग्नातले स्टेजवरचे फोटो भराभर पुढे ढकलतात आणि मागच्या पडवीत पाटावर बसून कोणी भाज्या चिरतंय तिथे थांबतात, कारण त्यातल्या चारपैकी तिघी आता नाहीत. आईबाबांना शेजारी बसवून नावं विचारून घ्या. कोण कोणाची कोण हे त्यांनाच माहीत असतं आणि ते लिहून घ्यायचं काम आत्ताचंच आहे. कॅप्शन देवनागरीत लिहिलं तरी चालतं.

कऱ्हाडकर
दोघांचे मनापासून आभार. अबोलीताई, नावांचं हे डोक्यातच आलं नव्हतं, या रविवारीच आईला घेऊन बसतो. पिकासा उघडलं, नावं लिहून झाली!

आता तारखांचं सांगा कोणीतरी. बाबांचे १ जानेवारीवाले, आणि भावाच्या कॅमेऱ्यातले फोटो आमच्यात मिसळले की संध्याकाळचं लग्न सकाळी लागलेलं दिसतंय. शिवाय बहिणीचे सगळे गूगल फोटोजवर आहेत ते उतरवू का?

तांबडी माती
भावाच्या कॅमेऱ्यात न्यू जर्सीचीच वेळ राहिली असणार. मोबाइल आपोआप बदलतो, कॅमेरा नाही. तिकडचा उन्हाळा असेल तर साडेनऊ तास पुढे सरकवा, थंडीतले असतील तर साडेदहा, तिकडे घड्याळं बदलतात ना. डिजिकॅममध्ये त्याच्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो कॅमेऱ्याच्या मॉडेलवरून गाळून घ्या आणि अ‍ॅडजस्ट टाइम अँड डेटमधून एकदम सरकवा.

बाबांच्या कॅमेऱ्याचं तसंच. तारीख चुकीची असली तरी दोन फोटोंमधलं अंतर बरोबर असतं, बॅटरी पुन्हा गेली नसेल तोवर. म्हणजे एका गठ्ठ्यातल्या एकाच फोटोची खरी तारीख कळली की बाकीचे त्याच फरकाने सरकतात. लग्नपत्रिका बघा, बारशाची तारीख, गणपती कधी बसले ते जुन्या कालनिर्णयवर सापडेल. फाइलची मॉडिफाइड तारीख मात्र धरू नका, ती कॉपी करताना बदलू शकते.

गूगलवरचे टेकआउटने उतरवा, आपला सगळा डेटा एकदम उतरवून घ्यायची गूगलचीच सोय आहे ती. काही तारखा नि कॅप्शन शेजारच्या जेसन (.json) नावाच्या छोट्या मजकुराच्या फाइलींत वेगळे येतात, त्या फेकू नका. आणि बहिणीने मोबाइलमधले मूळ फोटो ठेवले असतील तर तेच घ्या, स्टोरेज वाचवायच्या सेटिंगवर चढवलेले दाबून छोटे केलेले असतात.

पाऊलवाट
तारखा दुरुस्त झाल्यावरच फाइलींची नावं बदला, वर्ष-महिना-दिवस आणि वेळ असं. कॅमेरा ९९९९ झाले की पुन्हा १ पासून मोजतो त्यामुळे एकाच नावाचे वेगळे फोटो तुमच्याकडे नक्की असणार, एका फोल्डरमध्ये ओतताना ओव्हरराइट विचारलं तर नाही म्हणा.

टीव्हीसाठी निवडलेल्यांची वेगळी कॉपी काढा, जेपेगमध्येच. आयफोनचे हाइक (HEIC) प्रकारातले फोटो बरेच टीव्ही उघडत नाहीत, आणि उभे फोटो काही टीव्हींवर आडवे दिसतात, तेव्हा आधी पाच-दहा पेन ड्राइव्हवर टाकून घरच्या टीव्हीवर लावून बघा आणि मगच सगळे काढा.