‘उपद्रव’ या शब्दाचा अर्थ आणि व्युत्पत्ती

प्रश्न:
डासांचा उपद्रव, माकडांचा उपद्रव, नागपूर महापालिकेचे उपद्रव शोध पथक, राजकारणातले उपद्रवमूल्य, असा हा शब्द आपण सर्रास वापरतो. ‘द्रव’ म्हणजे पातळ पदार्थ. मग त्याला ‘उप’ लागून पीडेचा अर्थ कसा आला, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद 1:
दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘द्रु’ म्हणजे धावणे हा संस्कृत धातू आहे. धावते, वाहते ते द्रव. जलद ते द्रुत. आणि ‘उप’ म्हणजे जवळ, म्हणून अंगावर धावून येतो तो उपद्रव. मात्र या शब्दात पीडा असलीच पाहिजे असे जुन्या वाङ्मयात दिसत नाही. छांदोग्य उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात सामाचे, म्हणजे गायल्या जाणाऱ्या वैदिक मंत्राचे, जे सात भाग सांगितले आहेत, त्यांत प्रतिहार आणि निधन यांच्यामध्ये ‘उपद्रव’ येतो. तेथे अपराह्णानंतरचा, सूर्यास्तापूर्वीचा काळ या भागाला जोडला असून, रानातली जनावरे माणूस दिसताच झाडीकडे आणि बिळाकडे धाव घेतात, हे ‘उपद्रवन्ति’ याच क्रियापदाने सांगितले आहे. आज रानडुकरे शेतात शिरली की आपण उपद्रव म्हणतो. तेथे जनावरेच माणसाला भिऊन पळतात, हे मला फार विलक्षण वाटते.

प्रतिसाद 2:
यात आयुर्वेदाची भर घालतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, विसर्पाच्या (त्वचेवर पसरत जाणाऱ्या रोगाच्या) अध्यायात, मूळ रोगानंतर उद्भवणारा आणि त्याच्याच आश्रयाने राहणारा रोग म्हणजे उपद्रव, अशी व्याख्या आहे. मूळ रोग शमला की तो बहुधा शमतो. परंतु शरीर आधीच व्याधीने थकलेले असल्यामुळे तो अधिक पीडा देतो, म्हणून त्यावर त्वरेने उपाय करावा, असेही तेथे बजावले आहे. मागाहून येऊन गाठणारी पीडा हा अर्थ येथे अगदी स्पष्ट आहे.

प्रश्नकर्ता:
आपणा दोघांचे मनापासून आभार. कायद्यातला ‘सार्वजनिक उपद्रव’ याच अर्थाचा मानावा काय?

प्रतिसाद 3:
पूर्णपणे नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम 268 मध्ये असलेली आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 270 मध्ये आलेली व्याख्या कृतीबरोबरच बेकायदा अकृतीलाही लागू होते. लोकांना सामाईक हानी, धोका किंवा त्रास पोहोचला, की करायचे काम न करणे हाही उपद्रवच ठरतो, मग त्यात धावून येणारे कोणी नसले तरी चालते.